दंड तिजोरीत, नुकसान पदरात

नाशिकच्या एखाद्या घरातील दोन भावंडांची कल्पना करावी. थोरला भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेला, धाकटी बहीण गंगापूर रस्त्यावरील शाळेत शिक्षिका. दोघांनीही २०१० च्या सुमारास फेसबुकवर खाते उघडले, एकाच लग्नाची छायाचित्रे त्यावर चढविली, एकमेकांच्या मित्रयादीत राहिले. २०२५ च्या उत्तरार्धात भावाच्या बँक खात्यात त्या कंपनीने कबूल केलेल्या तडजोडीपोटी सुमारे ३० डॉलर जमा झाले. बहिणीच्या खात्यात काही आले नाही, आणि येण्याचा संभवही नव्हता. रक्कम क्षुल्लक आहे, हे मान्य. परंतु एकाच्या खाजगी माहितीला किंमत आहे आणि दुसरीच्या माहितीला नाही, असा जो निवाडा त्यातून निघतो तो क्षुल्लक नाही.

हे ३० डॉलर आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे. केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश संस्थेने कोट्यवधी फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती त्यांच्या नकळत मिळविली आणि ती निवडणूक-प्रचारासाठी वापरली, हे प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघडकीस आले. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावे दाखल झाले. डिसेंबर २०२२ मध्ये फेसबुकची चालक कंपनी मेटा हिने ७२ कोटी ५० लक्ष डॉलर देऊन तडजोड करण्याचे मान्य केले. २४ मे २००७ ते २२ डिसेंबर २०२२ या काळात अमेरिकेत राहून ज्याने फेसबुकचे खाते वापरले असा कोणीही या रकमेचा वाटेकरी ठरला. अट एकच : २५ ऑगस्ट २०२३ पर्यंत दावा-अर्ज भरला पाहिजे.

पैसे वाटण्याची रीतही साधी होती. न्यायालयाच्या देखरेखीखाली एक स्वतंत्र व्यवस्थापक नेमण्यात आला. खाते जितके महिने चालू होते तितके गुण प्रत्येक अर्जदाराच्या नावे मांडले गेले. एकूण रकमेतून वकिलांची फी आणि व्यवस्थापनाचा खर्च वजा जाता उरलेला पैसा या गुणांच्या प्रमाणात वाटला गेला. अर्जदाराला दावा-क्रमांक मिळत असे आणि रक्कम पाठविण्यापूर्वी तशी पूर्वसूचना जाई. मध्यंतरी काहींनी अपिले केली, त्यात वर्ष-दीड वर्ष गेले, आणि ज्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात अर्ज भरला होता त्यांतील पुष्कळांना तोवर अर्जाची आठवणही राहिली नव्हती. वकिलांच्या वाट्याला रकमेचा चौथा हिस्सा गेला. हा आकडा पाहून कोणाही मध्यमवर्गीय माणसाच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती पडणे गैर नाही.

याच धर्तीचे आणखी एक प्रकरण म्हणजे इक्विफॅक्स या पत-नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचे. २०१७ मध्ये तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली. २०१९ च्या तडजोडीत रोख रक्कम मागणाऱ्यास १२५ डॉलरपर्यंत मिळतील असे सांगितले गेले. परंतु त्या रोख वाटपासाठी बाजूला ठेवलेले होते अवघे ३ कोटी १० लक्ष डॉलर. अर्जांचा पूर लोटला तेव्हा सरकारी यंत्रणेलाच जाहीर करावे लागले की, इतके पैसे कोणास मिळणार नाहीत. तेव्हा अमेरिकेची ही पद्धत आदर्श आहे असे म्हणण्याचे कारण नाही. तीत एक गुण मात्र निश्चित आहे. नुकसान ज्याचे झाले त्याचे नाव यादीत असते, त्याच्या नावे काही रक्कम निघते, आणि ती पोचली की नाही याचा हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो.

आता नाशिकच्या शिक्षिकेकडे वळावे. तिच्या देशाचे या प्रकरणात नुकसान झालेच नव्हते काय? फेसबुकनेच एप्रिल २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारतातील सुमारे ५ लक्ष ६२ हजार लोकांची माहिती या मार्गाने गेली असण्याचा संभव होता. विशेष म्हणजे ते मूळ उपकरण भारतात उतरवून घेणारे होते केवळ ३३५. म्हणजे बाकीच्या लक्षावधी लोकांनी काहीएक केले नव्हते. त्यांचा दोष इतकाच की ते कोणाच्या तरी मित्रयादीत होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने जानेवारी २०२१ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका आणि ग्लोबल सायन्स रिसर्च या दोन संस्थांविरुद्ध गुन्हा नोंदविला. परंतु गुन्हा नोंदविणे वेगळे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणे वेगळे.

आपल्याकडे भरपाईचा कायदाच नव्हता, असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम घालण्यात आले. संवेदनशील वैयक्तिक माहितीची राखण करण्यात हयगय करणाऱ्या कंपनीने नुकसान सोसणाऱ्यास भरपाई द्यावी, असे ते कलम. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा करण्याचे काम प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे सोपविले गेले. या कायद्याखाली काय होऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील एका उद्योजकाच्या खात्यातून ८० लक्षांहून अधिक रुपये भामट्यांनी परस्पर वळते केले. त्याने बनावट ई-पत्राला उत्तर दिले होते, म्हणजे काही चूक त्याचीही होती. तरीही राज्याच्या सचिवांनी २०१३ मध्ये संबंधित बँकेने त्याला ४५ लक्ष रुपये द्यावेत असा आदेश दिला. चूक दोघांची, म्हणून भारही दोघांनी वाटून घ्यावा, हा विचार कोणत्याही जुन्या पंचाला पटला असता.

पण या मार्गाची दशा काय झाली? सचिवांच्या निर्णयाविरुद्ध ज्या सायबर अपील न्यायाधिकरणाकडे जावयाचे, त्याच्या अध्यक्षाची खुर्ची २०११ च्या मध्यापासून रिकामी राहिली, ती २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण दूरसंचार वाद निवारण न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत. सहा वर्षे अपील ऐकणारा नाही, तेथे भरपाईची वाट पाहणाऱ्याने कोणाच्या दारात उभे राहावे? शिवाय हा मार्ग एकेकट्याचा. शंभर-दोनशे रुपयांच्या नुकसानीसाठी कोणता कारकून रजा टाकून मुंबईला मंत्रालयात खेटे घालील?

नेमकी हीच उणीव ओळखून न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये सरकारला सादर केलेल्या विधेयकाच्या मसुद्यात भरपाईचे कलम घातले होते. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या एकाच चुकीने अनेकांचे नुकसान झाल्यास त्या सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता यावी, अशीही तरतूद त्यात होती. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकातही ती कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले होते. त्या निकालाला साजेशीच ही तरतूद होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र ती उरली नाही. सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, हा आकडा वृत्तपत्रांतून ठळकपणे झळकला. पण कायद्याचे चौतिसावे कलम फार थोड्यांनी वाचले असावे. दंडाची सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल, असे ते म्हणते. म्हणजे माहिती नागरिकाची, फटका नागरिकाला, आणि पैसा सरकारी तिजोरीत. चव्वेचाळिसाव्या कलमाने तर जुने ४३-अ कलमच रद्द ठरविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वेळापत्रकानुसार कायद्यातील मुख्य कर्तव्ये आणि हे रद्दीकरण अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाचे आहे. उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकास १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यास कायदेकर्ते विसरले नाहीत!

यावर असे म्हटले जाईल की, लक्षावधी लोकांना थोडी थोडी रक्कम वाटणे आपल्या यंत्रणेला झेपणार नाही. नाशिककरांनी तरी हे ऐकून घेऊ नये. ठेवी बुडविणाऱ्या संस्थांविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा केला. मालमत्ता जप्त करावयाची, सक्षम प्राधिकाऱ्याकडे ती सोपवावयाची आणि विशेष न्यायालयाने तिचे ठेवीदारांत वाटप करावयाचे, ही त्याची रीत. २०१६ मध्ये मैत्रेय समूहाविरुद्ध नाशिकच्या सरकारवाडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविला गेला, तेव्हा न्यायालयाच्या अनुमतीने ‘एस्क्रो’ खाते उघडून त्यातून ठेवीदारांचे पैसे परत करण्याचा मार्ग येथेच काढण्यात आला. सर्वांचे पैसे मिळाले असे नव्हे. कित्येकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पण पावत्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला निदान हे ठाऊक होते की, तिच्या नावाची नोंद कोठेतरी आहे आणि चौकशी कोणाकडे करावयाची. ठेवीच्या बाबतीत जे जमते ते माहितीच्या बाबतीत का जमू नये?

एक वाट अद्याप मोकळी आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना इतरांस देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. त्याच कायद्याच्या पस्तिसाव्या कलमानुसार समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करता येते. नव्या डेटा कायद्याने इतर कायद्यांचे हक्क काढून घेतलेले नाहीत. तेव्हा एखाद्या दुकानाने, रुग्णालयाने किंवा शिकवणी वर्गाने दूरध्वनी क्रमांकांची यादी विकली, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावता येईल. अडचण अशी की, ग्राहक ठरण्यासाठी मोबदला दिलेला असावा लागतो. फुकट सेवा देऊन माहितीच्या रूपाने मोल वसूल करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध ही वाट कितपत पोचेल, हा मोठाच प्रश्न आहे.

भरपाईचा अधिकृत मार्ग नसल्याचा आणखी एक परिणाम रोज दिसतो. “आपल्या नावे नुकसानभरपाई मंजूर झाली आहे, खालील दुव्यावर बँकेचा तपशील भरावा,” असे संदेश सेवानिवृत्त शिक्षकांपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सर्वांना येतात. खरी भरपाई कोण देतो, कोणत्या मार्गाने देतो, हे माहीत असते तर खोटी ओळखता आली असती. रक्कम देण्यासाठी कोणी आधी शुल्क मागितले किंवा ओटीपी विचारला, तर तो भामटा समजावा. आणि फसगत झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. पण हे झाले घराला कुलूप लावण्यासारखे. घरातून गेलेल्या वस्तूची किंमत कोण देणार, हे त्यातून ठरत नाही.

नव्या नियमांत माहिती फुटल्यास प्रत्येक बाधित व्यक्तीला कळविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे, ही गोष्ट चांगली आहे. ते अमलात आल्यावर गंगापूर रस्त्यावरील त्या शिक्षिकेलाही कधी तरी असे पत्र येईल. नियमानुसार त्यात काय घडले, त्याचे तिच्यावर काय परिणाम संभवतात, कंपनीने कोणते उपाय योजले, तिने स्वतः कोणती खबरदारी घ्यावी आणि चौकशी कोणाकडे करावी, हे लिहिलेले असेल. दावा कोठे करावा, हा रकाना त्यात ठेवलेला नाही.