प्रौढांमधील आनुवंशिक प्रतिकारक्षमता विकारांचे जनुकीय निदान

रोगप्रतिकारक संस्थेतील जन्मजात दोष कोणत्या जनुकातील बदलामुळे उद्भवला, हे प्रौढ रुग्णाच्या डीएनएची तपासणी करून ठरविण्याच्या प्रक्रियेस प्रौढांमधील आनुवंशिक प्रतिकारक्षमता विकारांचे जनुकीय निदान म्हणतात. असे ४०० हून अधिक विकार ज्ञात आहेत. ते बालपणीच प्रकट होतात अशी समजूत असली, तरी अनेकांची लक्षणे तारुण्यात किंवा त्यानंतर दिसू लागतात. त्यामुळे निरोगी गेलेले बालपण हा विकार नसल्याचा पुरावा ठरत नाही.

लक्षणे

वारंवार होणारा न्यूमोनिया, सायनसचा दाह, दीर्घकाळचे जुलाब आणि प्लीहेची वाढ ही प्रमुख लक्षणे होत. काही रुग्णांत प्रतिकारक संस्था स्वतःच्याच रक्तपेशींचा नाश करते. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळ्या तज्ज्ञाकडे उपचार होत असल्याने त्यांमागील समान कारण लक्षात येण्यास अनेक वर्षे लागू शकतात.

तपासणी

प्रथम रक्तपेशींची गणना, इम्युनोग्लोब्युलिनांचे प्रमाण आणि लसीकरणानंतर तयार होणारी प्रतिपिंडे तपासतात. त्यानंतर निवडक जनुकांचे किंवा एक्झोमचे, म्हणजे जीनोममधील प्रथिननिर्मितीची माहिती असलेल्या सर्व भागांचे, क्रमनिर्धारण केले जाते. मुंबईतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या विकारांचे निदान व संशोधन होते.

आढळलेला बदल रोगकारक, निरुपद्रवी किंवा अनिश्चित अर्थाचा असू शकतो. अनिश्चित बदल हाच आजाराचे कारण आहे, असे केवळ अहवालावरून ठरविता येत नाही. त्यासाठी कुटुंबीयांची आणि पेशींच्या कार्याची तपासणी आवश्यक असते. प्रौढांत आढळणाऱ्या ‘कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी’ या विकाराच्या अनेक रुग्णांत एकही कारणीभूत जनुक सापडत नाही. अशा वेळी निदान रद्द होत नाही आणि इम्युनोग्लोब्युलिनचा उपचारही थांबवला जात नाही.

उपचारांवरील परिणाम

जनुक निश्चित झाल्यास उपचाराची दिशा बदलू शकते. सीटीएलए-४ हे प्रथिन प्रतिकारक पेशींना आवर घालते. त्याच्या जनुकाची एक प्रत निकामी झाल्याने होणाऱ्या विकाराचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांत अबॅटासेप्ट हे औषध उणीव असलेल्या प्रथिनाचे कार्य काही अंशी भरून काढते.

गाटा-२ जनुकातील दोषामुळे गंभीर जंतुसंसर्गांबरोबरच रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात. मात्र निरोगी दिसणाऱ्या भावंडातही तोच दोष असू शकतो. म्हणून दाता निवडण्यापूर्वी त्याची जनुकीय चाचणी अत्यावश्यक ठरते.

कौटुंबिक महत्त्व

वरील दोन्ही विकार प्रभावी पद्धतीने संक्रमित होतात. रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास सदोष प्रत मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. ती मिळूनही काही व्यक्ती आजारी पडत नाहीत. म्हणून कुटुंबीयांच्या चाचणीपूर्वी आणि नंतर जनुकीय समुपदेशन केले जाते.