चार चौकटींचा संसार

मराठीचा प्राध्यापक फावल्या वेळात चित्रकथा काढतो असे ऐकले, की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘तुम्हाला चित्रे येतात?’ आणि दुसरा, ‘आता या वयात?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून मी जिनेव्हाच्या एका मास्तरांचे नाव सांगतो.

रॉदॉल्फ टोपफेर (१७९९–१८४६) हे ते मास्तर. वडील चित्रकार होते; मुलालाही चित्रकारच व्हायचे होते, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. मग त्याने मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि १८३२ पासून तिथल्या अकादमीत साहित्य शिकवले. वर्गाबाहेर मात्र १८२७ पासून त्याचा उद्योग निराळाच होता. विद्यार्थ्यांना हसवण्यासाठी तो चौकटीमागून चौकट रेखाटून खाली दोन ओळी लिही. ही बाडे १८३१ मध्ये थेट महाकवी गटेच्या हाती पडली आणि म्हातारा बेहद्द खूश झाला! आज जाणकार टोपफेरला आधुनिक चित्रकथेचा जनक मानतात. पुढे १८४५ मध्ये त्याने लिहून ठेवले, की माणसाचा चेहरा कितीही वेडावाकडा काढा, त्यावर काही ना काही भाव उमटतोच. माझ्यासारख्याला एवढा आधार पुरे!

तेव्हा वाचकहो, चित्रकलेची भीती सोडा. साधा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि काळ्या शाईचे पेन, एवढ्यावर दुकान मांडता येते. पात्राला एकच ठसठशीत खूण द्या. कुणाला जाड चष्मा, कुणाला डोक्यावरचा पदर. चौथ्या चौकटीतही ते ओळखू आले की काम झाले. संवाद आधी लिहावा आणि मग त्याभोवती फुगा काढावा; उलट केले तर अक्षरांची मुंबईची लोकल होते. जो आधी बोलणार त्याला डावीकडे उभा करावा, कारण आपण वाचतो डावीकडून. आणि चित्र साधतच नसेल तर जोडीदार गाठावा. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये घरोघर पोचलेला ‘चिंटू’ चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशा दोघांचाच होता.

चित्रे दाखवून गोष्ट सांगणे आपल्याला परकेही नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून रामायण गात आले आहेत. माझी आईही त्याच मुलखातली. ऐंशी ओलांडलेली ही बाई माझ्या चित्रकथेची नायिका आहे.

याला कारण आहे. आमच्या घरात मालवणी बोलणारी आता ती एकटीच. मी तिला उत्तर देतो ते पुस्तकी मराठीत. माझ्या मुलीला तेवढेही नीट कळत नाही. कोशात ‘गजाल’ म्हणजे गप्पागोष्टी एवढे सापडते. पण तो शब्द कोणत्या वेळी, कोणाकडे बघून, कमरेवर हात ठेवून की पदराआड हसून म्हणायचा, हे कोश कुठून सांगणार? चौकट ते सांगते. पानावर वाफाळता भात, दारात रेंगाळलेली नात आणि आजीच्या तोंडचा फुगा: ‘आधी जेव, मगे गजाली!’ याला तळटीप लागत नाही.

दर रविवारी मी चार चौकटी आईपुढे ठेवतो. नाक लांब झाले याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. फुग्यातला शब्द चुकला तर मात्र क्षमा नाही. मुलगी शेजारी बसून वाचते, अडते, विचारते. मग आजी सांगते, आणि पुढच्या रविवारचा मजकूर आपोआप मिळतो. आता वहीत चाळीसेक चित्रकथा जमल्या आहेत. त्या कोणी छापाव्यात अशा मुळीच नाहीत.

तुमच्याही घरी असे एखादे बोलणे असेल. खानदेशातले, वऱ्हाडातले, गोव्याकडचे. दिवाळीला सगळे जमतातच. फराळाचे ताट उचलले, की एका कागदावर चार चौकटी आखा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, ‘या फुग्यात काय लिहू?’