‘पैसे काढायचे तर आधी टॅक्स भरा’ असं ॲप म्हणालं, की तिथंच थांबा

अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, ‘शर्मा सर, उद्याची मीटिंग किती वाजता?’ माझ्याही फोनवर आला होता. मी द्राक्षाच्या बागेत फवारणी करत होतो, माझी कसली मीटिंग! ‘राँग नंबर’ असं कळवलं तर लगेच उत्तर आलं, ‘सॉरी, पण तुम्ही फार चांगलं बोलता. काय करता आपण?’ डीपीवर एका तरुणीचा फोटो. मी नंबर ब्लॉक केला. पण बरेच जण तिथं थांबत नाहीत.

पुढं रोज गुड मॉर्निंग, जेवलात का, पाऊस झाला का. महिनाभर पैशाचा विषयसुद्धा निघत नाही, आणि लोक फसतात ते इथंच. मग एक दिवस सहज सांगितलं जातं, ‘माझे काका क्रिप्टोत ट्रेडिंग करतात, मी त्यांच्या टिपवर गाडी घेतली.’ लिंक येते, ॲप टाकायला लावतात. तुम्ही १० हजार टाकता, चार दिवसांत स्क्रीनवर १३ हजार दिसतात. २ हजार काढून बघता तर ते खरोखर खात्यावर येतात. आता विश्वास बसला.

ही चाल आपल्याला नवी नाही. परप्रांतातला द्राक्ष व्यापारी पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, तिसऱ्या वेळी अख्खा बाग उधारीवर तोडून नेतो आणि फोन बंद. निफाड-दिंडोरीत कुणालाही विचारा. ते परत आलेले २ हजार म्हणजे त्या पहिल्या दोन गाड्या. ॲप त्यांचंच, त्यावरचा आकडाही तेच टाकतात. कुठंही खरेदी-विक्री झालेली नसते.

मोठी रक्कम अडकली की शेवटचा फास येतो. पैसे काढायला गेलं की ॲप म्हणतं, ‘नफ्यावर ३० टक्के टॅक्स आधी जमा करा.’ ते भरलं की ‘खातं गोठलंय, सोडवायची फी भरा.’ लोक इथं सोनं मोडतात, सोसायटीचं कर्ज काढतात, कारण स्क्रीनवर ४० लाख दिसत असतात. फसवणारे हुशार असे, की त्यांनी आकडा खरा वापरलाय. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आपल्याकडं २०२२ पासून खरंच आहे. पण तो तुम्ही आयकर विवरणपत्र भरताना सरकारला देता. व्यवहारावरचा १ टक्का टीडीएस मिळणाऱ्या रकमेतूनच कापला जातो. बाजार समितीत हमाली-तोलाई कापायचीच झाली तर हिशोबपट्टीतून कापतात. ‘आधी खिशातून हमाली भरा, मग कांद्याचे पैसे देतो’ असं कुठला व्यापारी म्हणतो का?

दुसरी खूण खात्यांची. दरवेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या किंवा वेगळ्याच फर्मच्या खात्यावर टाकायला सांगतात. आज एका राज्यातलं खातं, उद्या दुसऱ्या. खरा धंदा असा चालत नाही.

जिल्ह्यानं २०१४ ला केबीसी बघितलंय, लोकांनी जमिनी विकून पैसे भरले होते. त्यानंतर बिटकॉइनच्या नावानं गेनबिटकॉइन आलं. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली, पुढं तपास सीबीआयकडं गेला. पण त्या योजनांत निदान ओळखीचा एजंट असायचा, त्याच्या दारात जाऊन बसता यायचं. आता दारच नाही. समोरची ‘तरुणी’ बहुतेक वेळा म्यानमार-कंबोडियातल्या कोंडवाड्यात बसवलेला एखादा पोरगा असतो. नोकरीच्या आमिषानं नेलेले भारतीयही त्यात आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५०० हून जास्त जणांना परत आणलं.

बायकांना वेगळं जाळं टाकतात. परदेशातला डॉक्टर, जहाजावरचा इंजिनिअर, लग्नाचं वचन. मग ‘तुमच्यासाठी पाठवलेलं गिफ्ट दिल्ली कस्टममध्ये अडकलंय’ असा फोन. कस्टमवाले फोन करून कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाहीत. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला म्हणूनही भुलू नका, आता तो बनवता येतो.

आणि गावातल्या पोरांना एक सांगणं. ‘तुझं बँक खातं वापरायला दे, १० हजार देतो’ असं कुणी म्हटलं तर हात जोडा. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि पोलीस पहिले खातेदाराच्या घरी येतात.

पैसे गेलेच असतील तर रडत बसू नका आणि चॅट डिलीट करू नका. लगेच १९३० वर फोन करा, रात्री-बेरात्रीसुद्धा. ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे काही मिनिटांत एका खात्यातून चार खात्यांत जातात. ते बाहेर निघायच्या आत कळलं तर बँक गोठवू शकते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार होते. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, नाहीतर नाशिक ग्रामीणच्या सायबर पोलीस ठाण्यात. ‘घरी काय सांगू’ या लाजेपायी माणसं पंधरा दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात खातं रिकामं झालेलं असतं. घरात असं कुणी गप्प-गप्प दिसलं, फोन उलटा ठेवायला लागलं, तर आधी ओरडू नका, शेजारी बसून विचारा.

तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल’ असा फोन आला, तर तो बऱ्याचदा त्याच टोळीचा असतो. तुमचा नंबर त्यांच्याकडं आहेच. पोलीस किंवा १९३० वाले त्यासाठी एक रुपयाही घेत नाहीत.