रंगमंच, भित्तिपत्रक आणि ग्रंथ

आंबेडकरी चळवळीने नाटक, वृत्तपत्र आणि ग्रंथ यांना शिक्षणाचीच अंगे मानले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यांनी औरंगाबादेत उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी सादर केले. आपल्या जिल्ह्यालाही हा वारसा आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरहूनच निघाले. ‘बलुतं’कार दया पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे.

या तिन्हींचे कार्य वेगवेगळे आहे. रंगमंचावर दबलेला आवाज मोकळा होतो आणि दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या तोंडून बोलावे लागते. भित्तिपत्रकासाठी बातमी लिहिताना ‘कोणी, कधी, कुठे’ हे विचारावे लागते. ऐकलेले व पाहिलेले यांतील भेद कळतो. वाचन या दोहोंना शब्द आणि संदर्भ पुरवते.

पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांतील मुलांसाठी हे शिक्षण अधिकच मोलाचे आहे, असे आम्ही मानतो. मुकादमाच्या वहीतील उचलीचा आकडा वाचून, ‘हा हिशेब कसा केला?’ असे न अडखळता विचारणारे मूल घरोघरी निर्माण व्हावे, हेच आमच्या स्नेहसंमेलनांचे आणि हस्तलिखितांचे खरे प्रयोजन होय.