मतमोजणीच्या टेबलावर नेमकं काय होतं?



ग्रामपंचायतीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. त्यांचा भाऊ तीन मतांनी पडला होता. मुलाचा अभ्यास विचारायला आलो म्हणाले, पण वही हातात घेतलीच नाही. हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही काल आत होतात ना? खरं सांगा, मशीन बरोबर होतं का?"

मी मतमोजणी सहायक होते, पण माझं टेबल दुसऱ्याच गावाचं होतं. तरी प्रश्न मनाला लागला. आपण इतक्या ड्युट्या करतो, पण आत काय चालतं ते पालकांना कधी सांगतच नाही.

लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये तो महाराष्ट्रात स्थापन झाला. आयोग मुंबईत असला तरी आपल्या गावाची मोजणी होते तालुक्याच्या ठिकाणी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली.

सकाळी उमेदवार किंवा त्यांच्या प्रतिनिधींसमोर मशीन ठेवलेली खोली उघडतात. कंट्रोल युनिट टेबलावर येतं. पण लगेच निकालाचं बटण दाबत नाहीत! आधी मशीनचा क्रमांक आणि सील बघायचं. प्रतिनिधी जाळीपलीकडून बघत असतात, त्यांनाही दाखवायचं.

मग खरं काम. मतदानाच्या दिवशी प्रत्येक मतदाराची नोंद वहीत होते, सही किंवा अंगठा घेतात. संध्याकाळी केंद्राध्यक्ष किती जणांनी मतदान केलं याचा हिशेब लिहून देतात. समजा हिशेबात ४१२ मतदार आहेत, तर मशीनमध्येही ४१२ च दिसायला हवेत. ४१३ दिसले तर पुढे जायचं नाही, निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. सकाळी घेतलेलं चाचणी मतदान मशीनमधून पुसायचं राहिलं, तर असा गोंधळ होऊ शकतो. म्हणून केंद्रावरच्या आपल्या लोकांनी 'क्लिअर'चं बटण कधीच विसरू नये. घाईत ते राहतं, आणि निस्तरतं दुसरंच कुणीतरी.

आकडे जुळले की निकाल. प्रत्येक उमेदवाराची मतं, 'नोटा'चीही, मोठ्याने वाचतात, लिहितात. प्रतिनिधी स्वतःच्या कागदावर टिपून घेतात. त्या पालकांना मी हेच विचारलं, "तुमच्या माणसाने आकडे लिहून घेतले होते का?" ते गप्प झाले. प्रतिनिधी चहाला गेला होता म्हणे.

फेरमोजणी मागता येते, पण निकाल जाहीर होण्याआधी, लेखी, कारण देऊन. ती द्यायची की नाही हे निर्णय अधिकारी ठरवतात. जाहीर झाल्यावर ग्रामपंचायतीसाठी १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो. हे सांगितल्यावर त्यांनी तारीख लिहून घेतली. अर्ज केला की नाही, ते मी विचारलं नाही.

आणि मतं समान पडली तर? चिठ्ठी. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात असंच झालं होतं. एवढ्या मोठ्या शहरातला नगरसेवक चिठ्ठीने ठरला. मुलांना हे सांगितलं की त्यांना खोटंच वाटतं.

वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत मी यंदा हाच क्रम ठेवला. सह्यांची वही, घडी घातलेल्या चिठ्ठ्या, फळ्यावर ताळ्याच्या खुणा. सह्या ३१ आणि चिठ्ठ्या निघाल्या ३२. नावं वाचायच्या आतच पोरांनी गलका केला. सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी मतदान पुन्हा घेतलं. या वेळी डब्याजवळ उभं राहायला सहा जण तयार होते.