विश्लेषण : मुलांना घेऊन अंटार्क्टिकाची सफर... वय किती हवे, धोका किती?

पेंग्विन आणि हिमनग मुलांना पुस्तकात नव्हे, तर प्रत्यक्ष दाखवायचे, या ओढीने काही सधन कुटुंबे आता ध्रुवीय प्रदेशांत जाणाऱ्या आलिशान जहाजांकडे वळत आहेत. जहाज कंपन्याही मुलांसाठी खास उपक्रम आखतात. चौघांच्या कुटुंबाचा खर्च सहज ४०-५० लाखांच्या घरात जातो. मात्र पैशांची सोय झाली म्हणजे तयारी झाली, असे नाही. मुलांच्या बाबतीत थंडीपेक्षाही मोठे प्रश्न वेगळेच आहेत.

या सफरी कशा असतात?

बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात सुटतात. वाटेत ड्रेक पॅसेज हा खवळलेला समुद्र लागतो. तो ओलांडायला जाताना दोन आणि येताना दोन दिवस लागतात. साधारण १०-१२ दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष अंटार्क्टिकात पाच-सहा दिवसच मिळतात. जहाजावर उत्तम खोल्या, जेवण आणि निसर्गतज्ज्ञांची व्याख्याने असतात. किनाऱ्यावर मात्र ‘झोडियाक’ या रबरी होडीतूनच जावे लागते. २०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २२ हजार पर्यटक अंटार्क्टिकाला गेले. त्यातील सुमारे ४३ हजार जणांनी जमिनीवर पाय न ठेवता जहाजावरूनच हा खंड पाहिला.

मुलांसाठी वयाची अट आहे का?

अंटार्क्टिका करारात पर्यटकांच्या वयाची अट नाही. ती प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. काही ठिकाणी पाच-सहा वर्षांची मुले चालतात, तर अनेक कंपन्या आठ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. कयाकसारख्या उपक्रमांसाठी अट आणखी कडक असते. जहाजावर प्रवेश मिळाला म्हणजे मुलाला प्रत्येक वेळी होडीत बसू दिले जाईल, असे नाही. लाटा पाहून तो निर्णय मोहीमप्रमुख घेतो. लाइफ जॅकेट, बूट आणि जाकीट मुलाच्या मापाचे आहे का, हे आरक्षणाआधीच विचारावे लागते.

किनाऱ्यावर काय पाळावे लागते?

१९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयएटो’ या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेचे नियम इथे लागू होतात. एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटक उतरू शकत नाहीत. ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजातून कुणालाच उतरता येत नाही. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचे आणि पेंग्विन वाटेत आला तर आपण थांबायचे. बर्ड फ्लूचा विषाणू तिथे पोहोचल्यानंतर बर्फावर बसणे, लोळणे, गुडघे टेकणेही बंद झाले आहे. किनाऱ्यावर खाऊ खाता येत नाही आणि स्वच्छतागृहही नसते. मुलाला लघवीला लागली तर होडीने जहाजावर परतणे हाच उपाय. बर्फ दिसताच त्यात उडी मारणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी हे नियम सोपे नाहीत.

मूल आजारी पडले तर?

हा सर्वांत कळीचा मुद्दा. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. पण बालरोगतज्ज्ञ असेलच असे नाही आणि शस्त्रक्रियेची सोय बहुतेक जहाजांवर नसते. मुंबई-पुण्यात अपेंडिक्सचे दुखणे रात्रीत निस्तरता येते. अंटार्क्टिकात त्यासाठी जहाज मागे वळवावे लागते किंवा किंग जॉर्ज बेटावरील धावपट्टीवरून रुग्णाला चिलीतील पुंता अरेनासला न्यावे लागते. विमानाचा प्रवास दोनेक तासांचा, पण हवामान निवळेपर्यंत वाट पाहण्यात दिवस जाऊ शकतात. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही भारताची केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, हजारो किलोमीटर दूर आहेत. म्हणून आपत्कालीन स्थलांतराचा समावेश असलेला विमा कंपन्या सक्तीचा करतात. बोट लागू नये म्हणून मोठी माणसे कानामागे जो औषधी पॅच लावतात, तो लहान मुलांसाठी नसतो. त्यामुळे मुलाच्या औषधाबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आधीच घ्यावा लागतो.

अपघात होतात का?

क्वचित, पण होतात. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एक्सप्लोरर’ हे जहाज बर्फाला धडकून बुडाले. समुद्र तुलनेने शांत होता आणि जवळ दुसरी जहाजे होती, म्हणून सर्व १५४ जण वाचले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एलिफंट बेटाजवळ झोडियाक उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस एका प्रचंड लाटेने ‘व्हायकिंग पोलारिस’च्या काचा फुटून एका महिलेचा जीव गेला. शिवाय शरीराच्या वजनाच्या तुलनेत मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने थंड पाण्यात आणि वाऱ्यात त्यांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते.

आर्क्टिकचा पर्याय सोपा आहे का?

मदतीच्या दृष्टीने नॉर्वेचे स्वालबार्ड जवळचे आहे. लाँगइयरब्येन येथे विमानतळ आणि छोटे रुग्णालय आहे. जूनमधील फेरी आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीतही बसू शकते. मात्र ध्रुवीय अस्वलांमुळे सशस्त्र मार्गदर्शकाचा गट सोडून मुलाला दोन पावलेही जाता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना मनाई आहे. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने भारतीयांना दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो.

पर्यावरणाचे काय?

‘आज पाहिले तर मुले उद्या हा प्रदेश जपतील,’ असा युक्तिवाद केला जातो. त्याची दुसरी बाजूही आहे. जहाजांच्या धुरातील काजळी बर्फावर बसते आणि बर्फ लवकर वितळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २०१६ ते २०२० या काळात एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ वितळण्यास हातभार लागला. मुलाला हेही सांगायला हवे.

मग न्यावे की नाही?

जन्मतारखेपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, मूल एकदा सांगितलेली सूचना लगेच पाळते का? होडीत ‘बस’ म्हटल्यावर बसणारे आठ वर्षांचे मूल चालेल, न बसणारे बारा वर्षांचेही धोक्याचे. दुसरी, रुग्णालय काही दिवसांच्या अंतरावर आहे, हे आईवडील दोघांनाही खरोखर मान्य आहे का? दमा, फिट्स येणे किंवा तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांच्या बाबतीत याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. धोका पत्करण्याचा निर्णय मूल घेत नाही, तो त्याच्या वतीने पालक घेतात. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वयाची अट, वैद्यकीय सोय, विम्यातील अटी आणि रद्द केल्यास परतावा ही माहिती कंपनीकडून लेखी घ्यावी. मूल अजून लहान वाटत असेल, तर चार-पाच वर्षे थांबल्याने काही बिघडत नाही. तेव्हा जे दिसेल, ते त्याच्या लक्षातही राहील.