मातीचा रंगमंच आणि सकाळचा धूर

धान घरात आले, गावोगावच्या मंडया भरू लागल्या की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. प्रयोग रात्रभर चालतो, पहाटेच उठतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचे नाव देशभर पोहोचले. तिच्या नाट्यगृहाबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

जुनी पद्धत अशी: रिकाम्या बांधीत खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचाच रंगमंच उभारायचा आणि प्रेक्षकांनी खड्ड्यात बसायचे. सिमेंट नाही, गिट्टी नाही. हंगाम संपला की माती जागच्या जागी जाते, पावसाळ्यात तिथेच रोवणी होते. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटनिर्मितीतून येतो. मोठ्या कला महोत्सवांसाठी जमिनीत परत जाईल असे बांधकाम शोधणाऱ्यांनी एकदा आपल्याकडे यायला हरकत नाही! एक काळजी मात्र हवी. वरची वीतभर सुपीक माती वेगळी ठेवून शेवटी वरच पसरावी, नाहीतर पुढच्या पिकाला फटका बसतो.

डॉक्टर म्हणून मला ही रचना आणखी एका कारणाने आवडते. डिसेंबरच्या रात्री शरीराची ऊब पळवतात ती वारा आणि गार जमीन. खड्ड्याच्या कडा वारा अडवतात. खाली तणस अंथरली की तिच्या पोकळ काड्यांत हवा अडकून राहते आणि जमिनीचा गारवा अंगाला लागत नाही. प्लास्टिकच्या ताडपत्रीला हे जमत नाही.

बिघडते ते सकाळी. थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे पेले, फाटलेले फ्लेक्स गोळा करून तिथेच पेटवले जातात. फ्लेक्समध्ये पीव्हीसी असते. ते अर्धवट जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. थंडीत सकाळची गार हवा जमिनीलगत साचलेली असते, त्यामुळे धूर वर न जाता घराघरात शिरतो. दमेकऱ्यांचा त्रास त्याच दिवशी वाढतो. डायॉक्सिन मात्र माती-चाऱ्यावर बसते, गुरांच्या चरबीत आणि दुधात उतरते. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पळसाची पाने तर आपल्याकडे वाटेल तेवढी! जाहिरात कापडावर रंगवून घेतली तर ती पुढच्या वर्षीही चालते.

माती म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस विदर्भात आढळतो. म्हणून भोवतालचे गवत आधी काढावे, तणस उन्हात वाळवून घ्यावी. नाटक पाहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी सुरू झाली तर काख, जांघ, कंबरेची घडी नीट तपासा. तिथे न दुखणारी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवा; खपली नसली तरी शेतात बसल्याचे सांगा. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुफ्फुसे आणि मूत्रपिंडांवर बेतू शकते.